डब्यात काय आहे?

वाढदिवसाला आणलेली बॅटरीची गाडी पहिल्या दिवशी घरभर धावते. दुसऱ्या दिवशी ती ओसरीत पडलेली असते आणि आठवड्याभरात पलंगाखाली जाते. त्याच घरात आजीनं चिंच फोडताना बाजूला काढलेले मूठभर चिंचोके मात्र उन्हाळाभर पुरतात. अमरावतीजवळच्या वलगावला जा नाहीतर दर्यापूरला, मूर्तिजापूरला जा नाहीतर अकोल्याच्या एखाद्या फ्लॅटमध्ये, सगळीकडे हेच दिसतं. आईबाप म्हणतात, पोरगं चंचल आहे, त्याला कशाची किंमत नाही. पण चंचल पोरगं दुपारभर चिंचोक्यांशी बसलं नसतं. फरक मुलात नाही, खेळण्यात आहे. तो नेमका कुठे आहे हे कळलं, की सुट्टीत मुलांसाठी काय आणायचं यापेक्षा त्यांच्यासोबत काय करायचं हे सुचायला लागतं, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी घरात आधीच असतात.

दोन दांड्यांची पेटी

लॉरा शुल्झ आणि एलिझाबेथ बोनाविट्झ या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांपुढे त्यांनी एक पेटी ठेवली. पेटीला दोन दांड्या. दांडी दाबली की पेटीतून एक वस्तू टुणकन वर येई. काही मुलांना दोन्ही दांड्या एकाच वेळी दाबून दाखवल्या. दोन्ही वस्तू एकदम वर आल्या, त्यामुळे कोणत्या दांडीनं कोणती वस्तू वर आली हे कळायला मार्गच नव्हता. बाकीच्या मुलांपुढे दांड्या एकेक करून दाबल्या, म्हणजे सगळा उलगडा तिथेच झाला. मग सगळ्यांपुढे त्या पेटीशेजारी एक नवी पेटी ठेवली.

ज्यांना उलगडा झाला होता ती मुलं नव्या पेटीकडे वळली. ज्यांचा प्रश्न अर्धवट राहिला होता ती जुन्याच पेटीशी जास्त वेळ खेळत राहिली.

बॅटरीच्या गाडीचं कोडं इथे सुटतं. बटण दाबलं की गाडी पुढे जाते, पुन्हा दाबलं की पुन्हा जाते. तिच्यात विचारण्यासारखं काही उरत नाही. चिंचोका फेकला की दर वेळी नवं काहीतरी पडतं. खेळणं टिकतं ते त्यात शिल्लक राहिलेल्या प्रश्नावर.

भुलाबाईची खिरापत आणि कानांचं गणित

प्रश्न शिल्लक ठेवायची ही युक्ती वऱ्हाडातल्या बायकांना कुणी शिकवावी लागली नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते. मुली गाणी म्हणतात आणि गाणी संपली की खिरापतीचा झाकलेला डबा पुढे येतो. डबा उघडायचा नाही. हलवून ऐकायचा आणि सांगायचं, काय हाये डब्यात? ओळखता येऊ नये म्हणून घरातली बाई डोकं लढवते, आणि ओळखावं म्हणून मुली कान टवकारतात. एका डब्यावर इतका वेळ रंगणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. हा खेळ वर्षातून एकच महिना का खेळायचा? रोज संध्याकाळी एक डबा घ्या.

डबा हलवल्यावर कानाला चार गोष्टी कळतात. पहिली, वस्तू कडक की मऊ. शेंगदाणा डब्याच्या पत्र्यावर आपटतो आणि क्षणात उडून परत येतो. पत्र्याला तो इतका कमी वेळ टेकलेला असतो की पत्रा मोकळेपणी थरथरतो आणि टणक, बारीक आवाज येतो. केळ्याचा तुकडा आपटताना दबतो, पत्र्याला जास्त वेळ चिकटून राहतो, आणि थरथर तिथेच जिरते. म्हणून तो ‘धप्’ वाजतो. दुसरी, नग किती. खसखस नाहीतर साखर असेल तर शेकडो बारीक आघात एकमेकांत मिसळतात आणि सळसळ ऐकू येते. चार लाडू असतील तर चार वेगळे ठोके मोजता येतात. तिसरी गोष्ट गोलाई. डबा तिरपा केला की गोळी घरंगळत जाते, खोबऱ्याचा काप घसरतो, आणि घरंगळण्याचा आवाज सलग असतो. चौथी, जागा. गच्च भरलेला डबा वाजतच नाही, कारण आतल्या वस्तूला वेग घ्यायला जागा नसते. हुशार बाई म्हणूनच डबा काठोकाठ भरते.

कानाला हात मदत करतो. मुरमुऱ्यांचा डबा हलका लागतो. फुटाण्यांचा त्याच आकाराचा डबा जड लागतो आणि हलवताना वजन एका बाजूला सरकतं. हे सगळं मुलाला समजावून सांगायची गरज नाही. दोन डब्यांत समान वाट्या फुटाणे आणि मुरमुरे भरून त्याच्या हातात द्या, आठवड्याभरात ते तुमच्या आधी ओळखेल.

ओळखण्यात इतका आनंद का होतो, याचा एक धागा मेंदूच्या अभ्यासात सापडतो. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या काही विशिष्ट पेशी जोरात चेतत. रसाच्या आधी दर वेळी दिवा लागायला लागला, तेव्हा माकडाला अंदाज यायला लागला, आणि त्या पेशी रसावर चेतेनाशा झाल्या. त्या दिव्यावर चेतायला लागल्या. दिवा लागून रस आला नाही तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावे. म्हणजे मेंदू बक्षिसापेक्षा अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक मोजत होता. गावच्या फाट्यावर रोजच्या वेळेला येणाऱ्या एसटीकडे कुणी मान वळवून बघत नाही. ती अर्धा तास आधी आली तर सगळा फाटा उठून उभा राहतो. डब्याचा खेळ मुलाला आधी अंदाज करायला लावतो आणि मग झाकण काढतो. शिकणं त्या झाकणाच्या क्षणी होतं. अंदाज न करता झाकण काढलं तर नुसता खाऊ मिळतो.

सोळा प्रकारे पडणारे चार चिंचोके

आता चिंचोक्यांकडे येऊ. चंगा-अष्टा आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळे खेळतात, आणि सहा वर्षांचं पोरगं साठीच्या आजीला खरोखर हरवू शकतं. मुद्दाम हरावं लागत नाही. बुद्धिबळात हे होत नाही. याचं कारण चिंचोक्यांत आहे.

*चौकट: चंगा-अष्टा कसा मांडायचा*

*खडूनं किंवा कोळशानं फरशीवर पाच बाय पाच अशी २५ घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि केंद्रावर फुली मारा. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. प्रत्येकानं आपल्या समोरच्या फुलीच्या घरात चार सोंगट्या ठेवायच्या: कुणाच्या सरकीच्या बिया, कुणाचे तुरीचे दाणे, कुणाचे बांगडीचे तुकडे, कुणाचे खडे. सोंगटी बाहेरच्या १६ घरांतून फिरते, मग आतल्या ८ घरांतून उलट्या दिशेनं, आणि शेवटी केंद्रात जाते. फेकायला दोन चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या चार डाळी करा, म्हणजे एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी मिळते. पांढऱ्या जितक्या पडतील तितकी घरं. चारही पांढऱ्या म्हणजे चंगा, ४ घरं. चारही तपकिरी म्हणजे अष्टा, ८ घरं. चंगा किंवा अष्टा पडला की पुन्हा फेकायचं. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येतं की नाही, हे प्रत्येक घरानं आपलं ठरवावं.*

अष्टा इतका दुर्मीळ का? पेननं डाळींवर १ ते ४ आकडे घाला, म्हणजे हे मुलालाही दिसेल. पहिली डाळ दोन प्रकारे पडू शकते. तिच्या प्रत्येक प्रकारासोबत दुसरी दोन प्रकारे, म्हणजे झाले ४ प्रकार. तिसरीनं ते ८ होतात, चौथीनं १६. या १६ पैकी एकच पांढरी पडण्याचे प्रकार ४ आहेत, कारण ती एकटी पांढरी चारपैकी कोणतीही असू शकते. तीन पांढऱ्या पडण्याचेही ४ प्रकार, कारण आता एकटी तपकिरी कोणतीही असू शकते. दोन पांढऱ्या पडण्याचे ६ प्रकार: १-२, १-३, १-४, २-३, २-४ आणि ३-४. चारही पांढऱ्या एकाच प्रकारे पडतात, चारही तपकिरी एकाच प्रकारे. बेरीज १६.

म्हणून खेळात ‘दोन’ सारखं सारखं पडतं आणि अष्टा सोळांतून एकदा. सगळ्या फेकींची सरासरी काढली तर ती अडीच घरं येते. आपल्या घरापासून केंद्रापर्यंत २४ घरं चालावी लागतात, त्यामुळे मध्ये कुणी मारलं नाही तर एक सोंगटी साधारण दहा फेकींत आत पोहोचते. मुलाला हे मोजून बघायला सांगा. वहीच्या मागच्या पानावर पाच रकाने आखून दर फेकीला एक रेघ ओढली, की दोनचा रकाना सगळ्यांत लांब होताना डोळ्यांपुढे दिसतो. शाळेत पुढे जी शक्यता नावाची गोष्ट शिकवतात, ती हीच.

सोळांतून एकदा याचा अर्थ सोळाव्या फेकीला अष्टा येणारच असा नाही. सलग १६ फेकींत एकही अष्टा न येण्याची शक्यता तिनांत एकापेक्षा थोडी जास्त आहे. डाळींना मागचं काही आठवत नाही. ‘इतका वेळ आला नाही, आता येईलच’ असं म्हणत मोठी माणसं लॉटरीत पैसे घालवतात. ही चूक मुलाला दहाव्या वर्षी, सरकीच्या बियांवर, फुकटात उमगली तर फार चांगलं.

पण अजून खरी मजा आलेली नाही. वरचा हिशेब दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असं धरून केला. चिंचोक्याची डाळ एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं फुगीर असते. मग ती दोन्ही बाजूंनी सारखीच पडते का? एकच डाळ १०० वेळा फेका आणि लिहून ठेवा. समजा पांढरी बाजू ६० वेळा आली. शंभरात दहाचा तर फरक, तो किती मोठा असणार? चारही डाळी तशाच असतील तर चंगा सोळांतून एकदाऐवजी आठांतून साधारण एकदा पडायला लागतो, आणि अष्टा जवळजवळ चाळीस फेकींत एकदा. लहानसा कल चौघींच्या गुणाकारात इतका वाढतो. दगडावर घासून पांढरी केलेली डाळ, मधोमध फोडलेली डाळ, लहान डाळ, मोठी डाळ, गादीवर फेकलेली आणि फरशीवर फेकलेली, सगळ्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. उन्हाळ्याच्या एका दुपारीत हे संपत नाही.

जाता जाता एक: फरशीवर जोरानं घासलेला चिंचोका मुलांनी एकमेकांच्या हाताला लावलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. घासताना हाताच्या कष्टांची जी उष्णता झाली, ती चिंचोक्याच्या त्या बारीक जागेत साठली, म्हणून चटका बसतो. ‘कोण जास्त तापवतो’ याआधी ‘का तापतो’ हे विचारून बघा.

सावली कधी सर्वांत छोटी?

एक सरळ काठी, तिला उभं धरायला मातीनं भरलेली कुंडी, आणि खडू. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. मुलांना आधी विचारा, सावली सर्वांत छोटी किती वाजता होईल? सगळे बाराच म्हणतात. अमरावतीकडे मेच्या अखेरीला ती साधारण १२ वाजून १६ मिनिटांनी सर्वांत छोटी होते. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे, अमरावती ७७.७५ अंशांजवळ, म्हणजे त्या रेषेच्या पश्चिमेला. सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटं लागतात, म्हणून आपल्याकडे तो १९ मिनिटं उशिरा माथ्याजवळ येतो. पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यातल्या थोड्या कमी-जास्त वेगामुळे आणि तिच्या कललेल्या आसामुळे यात ऋतूप्रमाणे काही मिनिटांचा फरक पडतो. मेच्या अखेरीला तीनेक मिनिटं वजा होतात.

मग येतो सर्वांत चांगला दिवस. २५-२६ मेच्या आसपास वलगावात भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्य वर्षभरात उत्तरेला साडेतेवीस अंश अक्षांशापर्यंत जातो आणि परत येतो. अख्खा महाराष्ट्र त्या रेषेच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे प्रत्येक गावाला सूर्य वर्षातून दोनदा अगदी माथ्यावर भेटतो. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबईला मध्यावर, अकोल्याला आपल्या एक-दोन दिवस आधी, चिखलदऱ्याला आपल्या एक-दोन दिवसांनी. परतीचा दिवस १७-१८ जुलैच्या आसपास असतो, पण तेव्हा बहुधा आभाळ असतं. पुण्यात कुणी मामा-मावशी असतील तर त्यांना सावली मोजायला सांगा. वेगवेगळ्या गावांतल्या सावल्या फोनवर जुळवताना पृथ्वी गोल असल्याचं मुलाला पुस्तकाबाहेर कळतं.

मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांना जातो. डोक्याला दुपट्टा बांधून, छपरीच्या सावलीत बसून, खूण करण्यापुरतंच बाहेर यायचं. सूर्याकडे थेट कधीच बघायचं नाही. बाकीचा सराव हिवाळ्यात करावा.

माठ आणि कुलर

दोन सारख्या बाटल्यांत एकाच रांजणातलं पाणी भरा. एकीवर ओलं सुती फडकं गुंडाळा, दोन्ही सावलीत पण वाऱ्यावर ठेवा. तासाभरानं कोणती गार? पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. माठ गार राहतो तोही असाच. एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम पाणी उडालं आणि त्याला लागणारी सगळी उष्णता माठातल्याच पाण्यातून गेली, तर पाव लिटरहून थोडं जास्त पाणी १० अंशांनी गार होऊ शकतं. हाच प्रयोग ऑगस्टमध्ये पुन्हा करा. हवेत आधीच ओल असते, फडकं वाळत नाही, बाटली फारशी गार होत नाही. मेमध्ये थंडावा देणारा कुलर पावसाळ्यात नुसती दमट हवा का फेकतो, याचं उत्तर मूल आपणच देईल.

विचारायचं कसं

इथे मोठ्यांचं काम सुरू होतं, आणि मला तो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बोनाविट्झ, शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या खेळण्यात अनेक करामती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसानं एक करामत नीट शिकवून दाखवली. काहींच्या हाती खेळणं तसंच दिलं. शिकवलेली मुलं त्या एकाच करामतीशी खेळत राहिली आणि बाकीच्या त्यांना कमी सापडल्या. मोठ्यानं शिकवलं म्हणजे आता आणखी काही उरलं नसेल, असं मूल समजतं. ‘हे बघ, असं असतं’ हे वाक्य म्हणून थोडं उशिरा आलेलं बरं.

वलगावच्या माणसाला याचा मोठा नमुना दूर शोधायला नको. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच गावाजवळ, पेढी नदीच्या काठी. त्यांची कीर्तनं ऐकलेल्या पिढीनं सांगितलं आहे की बाबा नुसतं निरूपण करत नसत, ते विचारत. समोरच्या शेतकऱ्याला, बाईला, पोराला साधा प्रश्न करत, उत्तर येऊ देत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न करत. अक्षरओळख नसलेल्या हजारोंच्या जमावाला त्यांनी असं विचार करायला लावलं. घरात एका मुलाशी हे करणं त्या मानानं सोपं आहे.

दुसरं नाव ताराबाई मोडकांचं. लग्नानंतर त्या काही वर्षं अमरावतीत राहिल्या. पुढे गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि नंतर बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन अंगणवाडी नेली. माँटेसोरी शिक्षणपद्धतीची साधनं परदेशी, महाग. ताराबाईंनी त्यांच्या जागी बिया, शिंपले, पानं, खडे आणले. साधन बदललं, त्यातला प्रश्न त्यांनी जपला.

घरात हे करताना तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ. आधी अंदाज विचारायचा आणि तो चुकला तरी हसायचं नाही. मग करून बघायचं. आणि निकाल आल्यावर लगेच कारण सांगून मोकळं व्हायचं नाही. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारून थोडं थांबायचं. ते थांबणं मोठ्यांना जड जातं. शाळेतून आलेल्या बापाला, शेतातून आलेल्या आईला दिवसभराच्या थकव्यानंतर रोज एवढं जमेलच असं नाही, आणि ते रोज जमायलाही नको. आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळाल्या तरी मूल उरलेले दिवस एकटं, नाहीतर शेजारच्या पोट्ट्यांना गोळा करून, तोच प्रश्न पुढे नेतं.

अशा प्रश्नांसाठी साधनं बदलत राहतात: ज्वारीची कापणी झाली की धांड्यांची बैलगाडीही करता येते. धांड्याचा आतला भाग मऊ, बाहेरची साल कडक. सालीची काडी मऊ भागात खुपसली की सांधा बसतो, खिळा लागत नाही, चिकटपट्टी लागत नाही. गाडी किती ओझं पेलेल, हे खडे मोजून बघता येतं. सालीची कड बोट कापते, तेवढी मोठ्यांनी सोलून द्यावी. आणि घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर चिंचोके, सरकी, शेंगदाणे त्याच्या हाती लागू देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्याच्यासाठी झाकण घट्ट लावलेला वाजणारा डबाच बरा. तो हलवत बसलं की त्यालाही विचारावं, काय हाये डब्यात?